उजेडातून अंधार वजा करताना

गेली काही वर्षं माझं काम एका पिवळ्या प्रथिनाभोवती फिरतंय. त्याचं पूर्ण नाव फोटोअ‍ॅक्टिव्ह यलो प्रोटीन. लॅबमध्ये आम्ही पीवायपी म्हणतो. अतिखारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोऱ्होडोस्पायरा हॅलोफिला नावाच्या जिवाणूत ते सापडतं. निळा प्रकाश वाढला की हा जिवाणू त्यापासून लांब पोहत जातो, आणि प्रकाशाची खबर त्याला पीवायपी देतं असं मानलं जातं. अवघ्या १२५ अमिनो आम्लांचं हे प्रथिन. त्याच्या पोटात पी-कुमॅरिक आम्लाचा एक छोटा रेणू ६९व्या क्रमांकाच्या सिस्टीनला घट्ट जोडलेला असतो. निळा प्रकाश शोषला की या रेणूतला दुहेरी बंध वळतो आणि ट्रान्स रूपाचं सिस रूप होतं, म्हणजे बंधाच्या विरुद्ध बाजूंना असलेली टोकं एका बाजूला येतात. आपल्या डोळ्यात प्रकाश शिरल्यावर रेटिनल नावाच्या रेणूत जी पहिली घटना घडते, ती याच जातीची. फक्त तिथे सिसचं ट्रान्स होतं.

हा बंध वळताना अणू नेमके कसे सरकतात, हे पाहण्यासाठी आम्ही कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला गेलो होतो. तिथे स्लॅक नावाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे आणि तिच्यात एलसीएलएस हा क्ष-किरणांचा लेसर. या प्रयोगाबद्दल सोप्या भाषेत जे लिहिलं जातं, त्यात ‘रेणूचा सिनेमा’ हा शब्द हमखास येतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. सिनेमात प्रत्येक चौकट आपली आपण दिसते. आमच्याकडे कुठलीच चौकट अशी सरळ हाती येत नाही. जे दिसतं ते वजाबाकीतून दिसतं, आणि त्या वजाबाकीतली अर्धी बाजू अंधाराची असते. ही अंधाराची बाजू कशी सांभाळावी लागते, तेच मुख्यतः सांगायचं आहे, कारण तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

आधी वेळेचा अंदाज. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशही ०.३ मायक्रॉनच पुढे जातो. पीवायपीतला बंध वळायला साधारण ५५० फेमटोसेकंद लागतात.

स्फटिकशास्त्र मी पुण्यात शिकले, आणि पहिला खराखुरा डेटा घेतला तो इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण देणारं यंत्र), प्रथिनांसाठी असलेल्या बीएल-२१ या बीमलाइनवर. तिथली रीत अशी: प्रथिनाचा एकच छानसा स्फटिक बारीक फासात उचलायचा, उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात गोठवायचा, थोडा थोडा फिरवत, त्यावरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांची शेकडो चित्रं घ्यायची. क्ष-किरणांनी स्फटिक हळूहळू खराब होतो, म्हणून हे गोठवणं. त्या पद्धतीत सगळा खटाटोप रेणू हलू नये यासाठी असतो. हालचाल बघायची तर स्फटिक गोठवून चालत नाही.

हालचाल बघण्याचे प्रयत्न पीवायपीवर १९९०च्या दशकापासून होत आलेत, आधी फ्रान्समधल्या ग्रनोबलला, पुढे शिकागोजवळच्या आर्गॉनला. पण सिंक्रोट्रॉनची एक पल्स, म्हणजे किरणांचा एक झटका, सुमारे १०० पिकोसेकंदांची असते. एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद. बंध वळतो अर्ध्या पिकोसेकंदात. म्हणजे त्या पल्सला दिसायचं ते सगळं घडून गेल्यानंतरचं. एलसीएलएस २००९मध्ये सुरू झालं आणि पल्स काही दहा फेमटोसेकंदांवर आली. २०१४मध्ये मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मारियस श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पीवायपीत इलेक्ट्रॉन कुठे किती आहेत हे दाखवणारे, १.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याचे नकाशे काढून दाखवले, आणि २०१६मध्ये बंध वळण्याचा तो क्षणच पकडला. ते दोन्ही निबंध मी इतक्यांदा वाचलेत की त्यातल्या आकृत्या डोळे मिटूनही दिसतात.

मग आम्ही वेगळं काय करणार होतो? मुद्दा रेणूला वळायला लावणाऱ्या निळ्या लेसरच्या जोराचा होता. स्फटिकातले शक्य तितके रेणू जागे व्हावेत म्हणून संशोधक निळ्या लेसरची ऊर्जा वाढवतात. पण इतक्या छोट्या पल्समध्ये इतके फोटॉन कोंबले की एकाच रेणूवर लागोपाठ दोन-दोन फोटॉन आदळू शकतात, आणि मग जे दिसतं ते सूर्यप्रकाशात कधी घडतच नसेल, अशी रास्त शंका या क्षेत्रात बरीच वर्षं आहे. २०२४मध्ये नेचर या नियतकालिकात मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनावरचं काम आलं. त्यात लेसरचा जोर बदलला तर सुरुवातीची हालचालही बदलते, हे स्पष्ट दिसलं. तेव्हा पीवायपी सौम्य प्रकाशात काय करतं, हा प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. अडचण एवढीच, की सौम्य प्रकाशात फार थोडे रेणू जागे होतात, आणि थोडे रेणू म्हणजे थोडा फरक. तो वाचायचा तर वजाबाकी कमालीची स्वच्छ हवी.

वजाबाकीचं मी घरी असं समजावलं होतं. माझी आई अंगणवाडी सेविका होती. लटकत्या काट्यात न बसणारं मूल आलं की ती मुलाच्या आईला कडेवर मूल घेऊन मोठ्या काट्यावर उभं करायची, मग एकटीला, आणि वजाबाकी करायची. मुलाचं वजन आठ किलो, आईचं पन्नास. आईच्या वजनात किलोभर चूक झाली तर मुलाचं वजन पार बिघडतं. आमच्या स्फटिकात उजेड पडल्यावर शंभरातले दहा-पंधरा रेणू बदलतात, सौम्य लेसरमध्ये त्याहून कमी. बाकीचे सगळे जसेच्या तसे. उजेडातल्या मोजमापातून अंधारातलं मोजमाप वजा केलं की उरतं ते या मोजक्या रेणूंचं. फोनवर हे ऐकून आई लगेच म्हणाली, “मग दोन्ही वेळा काटा तोच पाहिजे गं, आणि लागोपाठ उभं करायला पाहिजे.” अगदी बरोबर. प्रयोगाची आखणी आम्ही त्याच तत्त्वावर केली होती.

तयारी सुरू होते ती जिवाणूंपासून. प्रथिन ई. कोलायमध्ये वाढवतात, पण ई. कोलाय पी-कुमॅरिक आम्ल स्वतः बनवत नाही, म्हणून हाती येणारं प्रथिन बिनरंगी असतं. त्यात सक्रिय केलेलं पी-कुमॅरिक आम्ल घालायचं. हे काम मी कितीही वेळा केलं असलं तरी तेवढा वेळ दुसरीकडे बघत नाही. पाण्यासारख्या द्रावणात आधी एक फिकट छटा येते, मग नळी हळूहळू लख्ख पिवळी होत जाते. रंग येतो म्हणजे रेणू जाऊन आपल्या जागी बसला आणि भोवतालच्या अमिनो आम्लांनी त्याला धरलं. टायरोसीन ४२ आणि ग्लुटॅमेट ४६ हे त्यातले दोन मुख्य. त्यांचे हायड्रोजन बंध पुढे नकाशात बघायचे असतात.

एरवी स्फटिक मोठा झाला की आनंद होतो. इथे उलटं. पीवायपीच्या स्फटिकात रंगद्रव्य, म्हणजे तो पी-कुमॅरिक आम्लाचा रेणू, इतकं दाटीवाटीने भरलेलं असतं की शोषणाच्या ऐन शिखरावरचा, म्हणजे ४४६ नॅनोमीटरचा निळा प्रकाश तीन-चार मायक्रॉन आत जाईतो दहाव्या हिश्शावर येतो. मोठा स्फटिक घेतला तर पुढचा पापुद्रा उजेडात आणि मागचं सगळं अंधारात. म्हणून प्रथिनाचं दाट द्रावण सोडियम मॅलोनेटमध्ये जोरात ढवळून दोन-तीन मायक्रॉनचेच स्फटिक बनवायचे. नुसत्या डोळ्यांना ते गढूळ पिवळं पाणी दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार, एकसारखे कण चमकताना दिसले की जीव भांड्यात पडतो. एकसारखेपणा महत्त्वाचा आहे, कारण एखादाही मोठा कण निसटला तर पुढची नळी तुंबते. म्हणून शेवटी सगळं गाळणीतून काढायचं. गढूळ दाट द्रावण छोट्या गाळणीतून हाताने ढकलताना अंगठा दुखून येतो, आणि जोर लावला तर गाळणीच फुटते. हे काम आमच्यातल्या एका विद्यार्थिनीला अतिशय सुरेख जमायचं. ती घाई म्हणून करत नसे.

हे सगळं लाल दिव्यात चालतं, कारण लाल प्रकाश पीवायपीला दिसतच नाही. खरं तर पीवायपी या बाबतीत उदार आहे. उजेड पडला तरी ते खराब होत नाही. अंधारात ठेवलं की पुन्हा मूळ रूपात येतं, आणि त्याला फार वेळही लागत नाही. त्यामुळे दोन दिवस आधी कुणी चुकून दिवा लावला तर आभाळ कोसळत नाही. धोका असतो शेवटच्या टप्प्यात: स्फटिक टाकीतून निघून बारीक नळीतून नोझलपर्यंत, म्हणजे धार सोडणाऱ्या तोंडापर्यंत, येतात, तेव्हा वाटेत कुठून उजेड शिरला तर काही रेणू आधीच वळलेले असतात आणि ‘अंधाराचं’ मोजमाप खरं अंधाराचं राहत नाही. म्हणून पूर्ण नळीवर काळं वेष्टन, टाकीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि आसपासच्या उपकरणांवर लुकलुकणाऱ्या प्रत्येक निळ्या-हिरव्या बत्तीवर काळी चिकटपट्टी. या बत्त्या किती असतात, याचा अंदाज खोलीतले दिवे घालवल्याशिवाय येत नाही. आम्ही दिवे घालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहून, एकेक शोधून झाकली.

स्लॅकचा रेषीय त्वरक ३.२ किलोमीटर लांब आहे. १९६६मध्ये तो प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या पोटात डोकावण्यासाठी सुरू झाला. वरून २८० क्रमांकाचा महामार्ग जातो आणि गाड्यांतल्या लोकांना खाली काय आहे याचा पत्ताही नसतो. एलसीएलएसने या जुन्या यंत्राचा शेवटचा एक तृतीयांश भाग वापरात घेतला. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांच्या, शंभर मीटरहून लांब रांगेतून जाताना नागमोडी हलतात आणि क्ष-किरण सोडतात. ते क्ष-किरणच मग इलेक्ट्रॉनांना पातळ थरांमध्ये ओढतात, थर एका तालात किरण सोडू लागतात, आणि तीव्रता झपाट्याने चढत जाते. सेकंदाला १२० पल्स, प्रत्येकीत सुमारे हजार अब्ज क्ष-किरण फोटॉन, आणि आमच्या वेळी पल्सची लांबी चाळीसेक फेमटोसेकंद.

एवढ्या माऱ्यात स्फटिक टिकतो का? टिकत नाही. त्याचा प्लाझ्मा होतो. पण अणू जागचे हलायच्या आत पल्स पुढे निघून गेलेली असते आणि विवर्तनाचं, म्हणजे विखुरलेल्या किरणांचं, चित्र हाती लागतं. हे जमेल असं गणित रिचर्ड न्यूट्झ, यानोश हायडू आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये मांडलं होतं. असा लेसर तेव्हा कुठेच नव्हता. २०११मध्ये हेन्री चॅपमन आणि मोठ्या चमूने फोटोसिस्टिम-१ या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनसमूहाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर ते एलसीएलएसलाच खरं करून दाखवलं. कागदावरचं गणित आधी आणि ते तपासायचं यंत्र नऊ वर्षांनी, हा क्रम मला फार भावतो.

एका स्फटिकाचं एकच चित्र मिळणार म्हटल्यावर स्फटिकांचा अखंड पुरवठा लागतो. तो होतो जेटमधून. काचेच्या बारीक नळीतून स्फटिकांचं पाणी येतं, भोवतीने हेलियम वेगाने वाहतो आणि धारेला चेपून काही मायक्रॉन जाडीची करतो. टाकी सतत हळूहळू फिरत असते, नाहीतर स्फटिक तळाशी बसतात. धार सेकंदाला दहा मीटरच्या आसपास पळते. म्हणजे दोन पल्समधल्या वेळात आठ सेंटिमीटर धार वाहून जाते आणि पल्सच्या वाट्याला त्यातले दोन-चार मायक्रॉन येतात. मिनिटाला वीस-पंचवीस मायक्रोलिटर या हिशेबाने बारा तासांच्या पाळीत पंधरा-अठरा मिलिलिटर स्फटिक लागतात आणि त्यातले जवळजवळ सगळे वाया जातात. महिनोन्‌महिने वाढवलेलं प्रथिन डोळ्यांदेखत वाहून जाताना बघवत नाही. पण याच वेगाचा एक फायदा आहे: लेसरने उजळलेला भाग पुढच्या पल्सच्या आत कितीतरी लांब गेलेला असतो, तेव्हा पुढचं अंधाराचं चित्र त्याने बाटत नाही. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनसारखी पेशीपटलातली प्रथिनं घट्ट मेदाळ माध्यमातून सोडावी लागतात आणि ते माध्यम फार सावकाश सरकतं. तिथे लेसरचा विखुरलेला उजेड वरच्या भागातल्या, अजून पाळी न आलेल्या स्फटिकांवर पडतो आणि पंचाईत होते.

आमची जागा होती सीएक्सआय या कक्षात, जमिनीखालच्या लांबच्या प्रयोगदालनात. कक्षाला तिथे हच म्हणतात. हचमध्ये काही करायचं तर क्ष-किरण बंद, दार उघडा, काम करा. बाहेर येताना एकाने पूर्ण हच फिरून, कुणी मागे राहिलं नाही हे बघत, भिंतीवरची बटणं ठरलेल्या क्रमाने दाबायची, मग दार लावायचं, सूचना वाजते, आणि ठरावीक वेळाने किरण पुन्हा सुरू. नोझल बदलायची म्हणजे हे सगळं. त्यात आमचा प्रयोग निर्वात पेटीत होता. निर्वातात पाण्याची धार गोठते. खाली धार झेलणाऱ्या भांड्याच्या तोंडाशी बर्फाचा एक सुळका उगवतो आणि वर वर चढू लागतो. पडद्यावर तो स्पष्ट दिसतो. नोझलला टेकला की खेळ खलास: पेटीत हवा भरा, साफ करा, पुन्हा निर्वात करा. म्हणून रात्रपाळीत एकाचं काम फक्त त्या सुळक्यावर नजर ठेवण्याचं होतं. वाढला की धार थोडी हलवून तो पाडायचा. माझ्या वाट्याला हे काम बराच वेळ आलं, आणि मला ते कंटाळवाणं वाटलं नाही. त्या धारेत आम्हा सगळ्यांची मेहनत होती.

सगळ्यात नाजूक भाग होता शून्य वेळ शोधण्याचा. निळा लेसर एका यंत्रातून येतो, क्ष-किरण दुसऱ्या यंत्रातून. दोन्ही स्फटिकावर एकाच क्षणी कधी पोहोचतात, हे आधी कळायला हवं. त्यानंतरच ‘तीनशे फेमटोसेकंदांनंतर’ या शब्दांना अर्थ. लेसरच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की प्रकाश जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालतो आणि एक पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. खोलीचं तापमान किंचित बदललं तरी या वाटा लांबतात किंवा आखडतात. शिवाय क्ष-किरणांची प्रत्येक पल्स लेसरच्या तुलनेत शे-दोनशे फेमटोसेकंदांनी मागेपुढे होते, आणि ते थांबवता येत नाही. मग उपाय काय? थांबवायचं नाही, मोजायचं. वाटेत एक अतिपातळ पडदा ठेवतात. क्ष-किरण त्यातून जाताच त्याची पारदर्शकता क्षणात बदलते. त्याच वेळी त्यातून लेसरचा पांढरा प्रकाश पाठवला, ज्यातले वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, तर वर्णपटात एका ठिकाणी पायरी दिसते. पायरी कुठल्या रंगापाशी आहे त्यावरून त्या एका पल्सची नेमकी वेळ कळते. प्रत्येक चित्रावर अशी स्वतंत्र वेळ नोंदली जाते आणि नंतर चित्रं वेळेनुसार लावता येतात. मला विचाराल तर या संपूर्ण तंत्रातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच. यंत्राचा जो दोष वाटत होता, त्यानेच आम्हाला मधल्या सगळ्या वेळा पुरवल्या.

आता मुख्य वाद. १२० पल्सपैकी किती लेसरसोबत घ्यायच्या आणि किती अंधाराच्या? बीमटाइम, म्हणजे यंत्रावर मिळणारा वेळ, सोन्याच्या भावाचा. अर्ज करून, परीक्षण होऊन, थोड्यांनाच मिळतो आणि बारा-बारा तासांच्या मोजक्या पाळ्यांत संपतो. साहजिकच सगळ्यांना उजेडाची चित्रं जास्तीत जास्त हवी असतात. अंधाराची रचना तर कितीतरी आधीपासून माहीत आहे, तिच्यावर वेळ कशाला घालवायचा, असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं होतं. माझं मत उलट होतं आणि आजही आहे. माहीत असलेली रचना इथे उपयोगी नाही. याच तुकडीच्या स्फटिकांची, याच नोझलमधून, याच तासाला, याच डिटेक्टरवर घेतलेली अंधाराची चित्रं हवीत. उजेडाच्या प्रत्येक वेळेच्या नकाशातून अंधाराचा एकच संच वजा होतो. त्यात खोट असेल तर ती प्रत्येक नकाशात उतरते, आणि सगळीकडे सारखी दिसल्यामुळे खरी वाटते. शेवटी एक पल्स लेसरसह, एक लेसरशिवाय, असं आळीपाळीने घ्यायचं ठरलं. आमच्या गटप्रमुख बाईंनी माझी बाजू घेतली, याचं मला आजही बरं वाटतं.

त्याखेरीज आणखी एक गोष्ट मी मागून घेतली. अधूनमधून लेसरची झडप पूर्ण बंद करून थोडा वेळ निव्वळ अंधाराची चित्रं घ्यायची. मग आळीपाळीतला अंधार वजा हा निव्वळ अंधार, असा नकाशा काढायचा. आळीपाळीत कुठूनही उजेड झिरपत असेल, तर या नकाशात रंगद्रव्याभोवती खूण उमटेल. रात्री उशिरा तो नकाशा तयार झाला. पडद्यावर प्रथिनाचा सांगाडा आणि त्याभोवती विखुरलेले लाल-हिरवे ठिपके, कुठेही न गोळा होता. पी-कुमॅरिक आम्लाच्या जागी काहीच नव्हतं. इतर कुठल्याही नकाशाकडे बघण्याआधी हा रिकामा नकाशा मला हवा होता, आणि तो तसा निघाला तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या लेसरवाल्याला ओरडून सांगितलं. त्यालाही तेवढाच आनंद झाला.

मग तीन पिकोसेकंदांचा नकाशा. अशा नकाशात लाल म्हणजे इथून इलेक्ट्रॉन गेले, हिरवं म्हणजे इथे आले. रंगद्रव्याच्या शेपटीवर, दुहेरी बंधाच्या आसपास, लाल गोळा. त्याच्या बाजूला हिरवा. सल्फरपाशी आणखी एक जोडी. मॉडेल फिरवून पाहिलं, सिस रूप त्यावर ठेवलं, हिरव्यात बसलं. खोलीत जे कुणी होते ते उठून पडद्यापाशी आले. कुणी फारसं बोललं नाही, पण विद्यार्थिनीने मॉडेल पुन्हा पुन्हा सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं आणि कुणीही ‘पुरे’ म्हटलं नाही.

सौम्य लेसरचा डेटा त्यानंतरच्या पाळ्यांत घेतला. तो घेताना पडद्यावर जवळपास काही दिसत नाही, आणि इथे धीर लागतो. नजरेसमोर हिट रेट असतो, म्हणजे शंभर चित्रांपैकी कितींत स्फटिक सापडला तो आकडा. तो खाली येऊ लागला की टाकी बदला, नळी धुवा, नोझल बघा. फरकाचा नकाशा मात्र तासन्‌तास नुसता करडा राहतो. हजारो चित्रं एकत्र झाल्याशिवाय तो बोलत नाही.

घरी परतल्यावर खरं काम सुरू झालं. प्रत्येक चित्रातला स्फटिक कुठल्याही दिशेला वळलेला असतो. त्याची दिशा ओळखायची, तीव्रता मोजायच्या. शिवाय एका क्षणाच्या चित्रात बहुतेक ठिपके अर्धवटच पकडलेले असतात, त्यामुळे एकेका चित्राला काही किंमत नसते. हजारोंची सरासरी काढली की आकडे स्थिरावतात. मग वेळेनुसार गठ्ठे करायचे. गठ्ठा अरुंद केला तर वेळ नेमकी मिळते पण चित्रं कमी पडतात. रुंद केला तर उलट. आम्ही कितीतरी आठवडे याच रस्सीखेचीत होतो.

सौम्य लेसरमध्येही तीन पिकोसेकंदांना सिस रूप दिसलं. खूण फिकट होती, पण त्याच जागी, त्याच आकाराची, आणि अंधार वजा अंधारच्या नकाशातल्या खळबळीच्या स्पष्टपणे वर. याबद्दल मला शंका नाही. सुरुवातीच्या वेळांचं मात्र तसं म्हणता येत नाही. तीनशे-चारशे फेमटोसेकंदांच्या गठ्ठ्यात ग्लुटॅमेट ४६च्या बाजूला एक हिरवा ठिपका आहे. आमच्यातल्या एकाला तो हायड्रोजन बंध ताणला गेल्याचा पुरावा वाटतो. मी तोच उंबरठा, म्हणजे ठिपका मोजायची तीच किमान उंची, ठेवून अंधाराचे दोन अर्धे भाग एकमेकांतून वजा केले, तर तेवढ्याच उंचीचे ठिपके प्रथिनात इतरत्र तीन ठिकाणी निघाले. ते तीन जर आम्ही सोडून देणार असू, तर चौथा आपल्याला हव्या त्या जागी आहे म्हणून ठेवता येणार नाही. यावर खूप चर्चा झाली, आवाजही चढले, पण कटुता आली नाही. निबंधाच्या मसुद्यात तो ठिपका दाखवलाय, शेजारी अंधाराचा नकाशाही त्याच उंबरठ्यावर छापलाय, आणि निष्कर्ष काढलेला नाही.

आता नवीन अर्ज लिहितेय. २०२३पासून एलसीएलएसच्या जोडीला अतिवाहक त्वरकावर चालणारा नवा स्रोत आलाय, जो सेकंदाला दहा लाखांपर्यंत पल्स देण्यासाठी बांधलाय. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएलवर तर २०१७पासून झुबक्यांनी येणाऱ्या पल्स मेगाहर्ट्‌झच्या वेगाने धावतात आणि तिथेही पीवायपीवर काम झालं आहे. पल्स इतक्या जवळजवळ आल्या की धारेला वाहून जायला वेळच उरत नाही, आणि आळीपाळीचा अंधार आपोआप स्वच्छ राहील हे गृहीत धरता येत नाही. लेसरचा ठिपका आणि धारेचा वेग नव्याने जुळवावे लागतात. म्हणून अर्जातलं पहिलं पान मी त्यावरच खर्च केलंय: लेसरचे तीन जोर, सगळ्यांत सौम्य जोराला सगळ्यांत जास्त वेळ, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लेसरची झडप बंद ठेवून घेतलेला निव्वळ अंधार. परीक्षक विचारतील की एवढा वेळ अंधारावर कशासाठी. उत्तरादाखल त्या चार ठिपक्यांची आकृती सोबत जोडली आहे.